आई तिला काय सांगते

४ जुलै
घेतलाच काढून तास! ‘इतिहास म्हणजे काय’ हा विषय सत्तावीस वर्षं मी शिकवला. आता टेपवाली शिकवणार. विभागप्रमुख म्हणाले, काळ बदलला, इतिहासाचा अर्थ बदलला. जसे काही घरचे पडदेच बदलले!
ही माझीच विद्यार्थिनी. ‘कागद नाही तर इतिहास नाही’ हे माझ्याच वर्गात वहीत उतरवून घेतलं होतं तिने. आता गिरणीतल्या म्हाताऱ्यांपुढे रेकॉर्डर धरते आणि त्यांच्या आठवणींना इतिहास म्हणते.

७ जुलै
तिच्या तासाला पोरं उभी राहून ऐकतात. माझ्या वर्गात मागचे बाक तेवढे भरलेले.

११ जुलै
हद्द झाली. आज टेपवाली माझ्याच घरी! आई सूतगिरणीत होती हे तिला बायकोने सांगितलं, दुसरं कोण सांगणार. ती आणि आई, आईच्या खोलीत दोन तास, दार लोटून. मी बाहेर एकच उत्तरपत्रिका तीनदा तपासली. आतून आईचं हसू ऐकू येत होतं. माझ्याशी ती बोलते ते गोळ्यांबद्दल आणि पंख्याबद्दल.

१२ जुलै
आईला विचारलं, काय सांगितलंस तिला?
“गिरणीतल्या जुन्या संपाचं विचारत होती. सांगितलं.”
म्हटलं, संपावर तर माझा अख्खा प्रबंध आहे!
“हो ना. चांगला जाडजूड आहे.”

१८ जुलै
पुन्हा आली. आईने तिच्यासाठी केस विंचरून घेतले होते! तास गेला ते एक वेळ सोसलं असतं, पण आईने तिच्यापुढे मन मोकळं करावं? साठीला आलेला माणूस मी, लाज वाटायला हवी. वाटत नाही.

१९ जुलै
माझा प्रबंध काढून पुन्हा वाचला.

२६ जुलै
टेपवालीने आईची मुलाखत टाइप करून तपासायला दिली. लाल पेन घेऊनच बसलो. संपाचा महिना आईने चुकीचा सांगितलाय — बरं वाटलं! मग चौथं पान.
“पहिला मुलगा संपात गेला. दोन वर्षांचा होता, तापाने गेला. मरणाची नोंद करायला कचेरीत कोण जाणार? मग दुसरा झाला. त्याला पहिल्याचंच नाव ठेवलं. शाळेत घालताना पहिल्याच्या जन्माचा दाखला घरात होता, तोच दिला.”
मी तर स्वतःला एकुलता एक समजत होतो. म्हणजे तो दुसरा मीच.
शेजारी समासात टेपवालीने पेन्सिलीने विचारलंय — सर, याला कागदाचा आधार मिळेल का?

२७ जुलै
तिच्या प्रश्नाखाली लिहिलं — कागद आहे, पण तो थोरल्याचा. आई म्हणते तेच धरावं.