शंतनुच्या ऑर्डरी

११ जानेवारी, रविवार

शंतनु घरातून निघून गेला. फोन बंद येतोय.

सकाळी बाबांशी वाजलं. नोकरी सोडून रात्रंदिवस ते क्रिप्टोचे सौदे, डोळे लाल. बाबा म्हणाले, "हे घर आहे, जुगाराचा अड्डा नाही." एरवी उलट बोलतो. आज ताट उचलून मोरीत ठेवलं, आईला म्हणाला, "भाजी छान झाली होती." आणि गेला. जाकीटसुद्धा नाही घेतलं — या धुक्यात.

त्याचं ते गोड बोलणं मला आवडलं नाही.

१२ जानेवारी

नाही आला. बाबांबरोबर पोलीस चौकीत जाऊन आले. हवालदाराने फोटो घेतला, उंची लिहून घेतली. "बालिग है, नाराज़ होकर गया है, आ जाएगा." माणूस चांगला होता, बाबांना चहा मागवला. बाबांनी अर्धा बशीत सांडला.

मग ड्यूटीवर, कंपूच्या हॉस्पिटलात. गुडघ्याच्या व्यायामाला आलेल्या बाईंचा दुसराच पाय वाकवत बसले. त्याच म्हणाल्या, "बेटा, ये वाला ठीक है."

१३ जानेवारी

मी किती मूर्ख! माझ्या फोनमध्ये त्याचा तो एजंट आहेच की, प्रश्न लिहिला की उत्तर देणारं ॲप. दिवाळीत त्यानेच बसवून दिला होता — "ताई, मी झोपलेला असलो तर याला विचार, माझ्या ऑर्डरचं काय झालं. हा फक्त बघून सांगतो. घेणं-विकणं याच्या हातात नाही, तुझ्याकडून काही बिघडणार नाही."

विचारलं, शंतनु की ऑर्डर?

"तीन ऑर्डर खुली हैं। एक आज सुबह लगाई गई।"

आज सकाळी. म्हणजे कुठेतरी बसून त्याने आज सकाळी सौदा टाकलाय. आई ओट्याला धरून खाली बसली आणि रडली. बाबा म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. "अजून एकदा."

१४ जानेवारी, संक्रांत

आईने तिळगूळ केला, त्याचा वाटा झाकून ठेवला. बाबा सारखे — "विचार ना तुझ्या त्याला." दुपारी एक ऑर्डर पूर्ण झाली, एक नवी लागली. बाबा म्हणाले, "पूर्ण झाली म्हणजे चांगलंच ना?" ज्यांना 'ऑर्डर' हा शब्द घरात चालत नव्हता ते.

संध्याकाळी टोपी बाजारात अंशुलच्या दुकानी गेले. शंतनुचा शाळेपासूनचा मित्र, दोघं मिळूनच हे शिकले. त्याला उत्तरं दाखवली. बराच वेळ वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, "दीदी, ये उसने नहीं लगाए. ये बॉट के हैं."

शंतनुने एक प्रोग्राम लावून ठेवलाय म्हणे. भाव खाली आला की तो आपला आपण घेतो, वर गेला की विकतो. "चलता रहेगा, दीदी. कोई हो, न हो."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. मान खाली घातली.

घरी काही सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, मी म्हटलं, "एक नवी आहे." तेव्हा कुठे जेवले.

१५ जानेवारी

एजंटला सरळ विचारलं — हाताने टाकलेली शेवटची कधीची? "दस जनवरी।" गेला त्याच्या आदल्या दिवशी. त्यानंतर सगळ्या मशीनच्या.

आमच्या अपघात विभागातल्या नीलमला सांगून ठेवलंय, कोणी अनोळखी आला तर बोलाव. आज तिने बोलावलं. जिना उतरून गेले. चादर बाजूला केली. तो नव्हता.

मला बरं वाटलं. कुणाचा तरी मुलगा समोर पडलेला आणि मला बरं वाटलं.

१६ जानेवारी

"कोई ऑर्डर खुली नहीं है। सभी रद्द की गईं — हाथ से। बॉट बंद है।"

आहे! जिवंत आहे. आईने देवापाशी दिवा लावला. बाबा हसले.

मी नाही हसले. काल नुसती घाबरले होते, आज त्याहून जास्त. तो सगळं मिटवतोय. असं सगळं आवरून ठेवून माणूस कुठे जातो?

अंशुलला घरी बोलावलं. म्हणाला, "दीदी, आप जब-जब पूछती हैं, उसके खाते में दिखता है कि किसी ने देखा. अगर वो खाता खोले तो."

अगर. एवढंच हातात आहे. एजंटमधून त्याला काही लिहून पाठवता येत नाही, पण कोणीतरी बघतंय एवढं कळवता येतं. मग विचारत सुटले. रिक्षात, जिन्यावर, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना. शंतनु की ऑर्डर? "कोई ऑर्डर खुली नहीं है।" शंतनु की ऑर्डर? "कोई ऑर्डर खुली नहीं है।"

१७ जानेवारी

बाबांना सगळं कळलं. अंघोळीहून आले तर माझा फोन त्यांच्या हातात. बॉट, दस जनवरी, सगळं वाचलेलं. मला वाटलं ओरडतील.

"हे विचारलेलं त्याला दिसतं?"

"बघितलं तर दिसतं."

चष्मा पुसला. "तू ड्यूटीवर जा. फोन ठेवून जा. मी विचारतो."

मी परत आले तरी बाबा त्याच खुर्चीत. एका बोटाने अक्षर शोधून शोधून. आई म्हणाली, दुपारी जेवले नाहीत, पाणीसुद्धा तिने धरलं तेव्हा प्यायले. मी फोन मागितला. दिला नाही.

१८ जानेवारी

बाबांनी हाक मारली. एक ऑर्डर खुली आहे. हाताने टाकलेली. ऑर्डरीला नाव देता येतं, आम्हाला कुठे ठाऊक. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत — ताई झाशी स्टेशनला ये.

त्याला वाटतंय, काल दिवसभर मीच विचारत होते.

बाबा त्याचं जाकीट घेऊन दारात उभे आहेत.