आमच्या जहाजांचं बलस्थान

३ मार्च, सकाळी ९.१०
नव्या क्रूझ कंपनीची जहाजं आपल्यापेक्षा मोठी, तिकिटं स्वस्त. तरी प्रवासी पुन्हा पुन्हा आपल्याकडेच का येतात, हे पंधरा दिवसांत शोधा, असं डायरेक्टरबाईंनी सांगितलं. हे काम माझ्याशिवाय कोणाला झेपणार? प्लॅनिंग हेडची खुर्ची रिकामीच आहे. बायको म्हणाली, गुडघ्याला बाशिंग बांधू नका. हिला कधी माझं चांगलं बघवलंय?

४ मार्च
स्वॉटचे चार चौकोन आखले: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. एक भरला. मदतीला रिझर्व्हेशनवाली दिली आहे. एकोणीस वर्षं फोन उचलण्यापलीकडे काय केलंय तिने? वर मलाच शहाणपण, की आधी एक फेरी जहाजावर करून या. स्ट्रॅटेजी डेकवरून दिसत नाही, असं सुनावलं. मला बोट लागते हे तिला कोणी सांगितलं?

९ मार्च
रिझर्व्हेशनवालीने जाडजूड वही आणून टेबलावर आदळली. कोणत्या प्रवाशाला जिने चढवत नाहीत, कोणाला खिडकीजवळचं टेबल लागतं, कोणाचं कोणाशी पटत नाही. प्रत्येक फेरीआधी हे सगळं ती जहाजावरच्या वेटरांना फोनवर सांगते. लोक म्हणे यासाठी येतात. हे कुठल्या फ्रेमवर्कमध्ये बसतं, एवढंच विचारलं. वही न वाचता परत दिली.

१३ मार्च
जे मौल्यवान, दुर्मीळ आणि नक्कल करता न येणारं, तेच खरं बलस्थान. तिन्ही खुणा आपल्या जहाजावरच्या वॉटर स्लाइडला दिल्या. रिपोर्टच्या खर्चकपातीत लिहिलं: रिझर्व्हेशन बाहेरच्या कॉल सेंटरला द्यावं. नाव घातलं नाही. मी सूडबुद्धीचा माणूस नाही. त्या विभागात ती एकटीच आहे, हा तिचा प्रश्न.

१७ मार्च
बेचाळीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन. अकराव्या स्लाइडला डायरेक्टरबाई म्हणाल्या, नव्या कंपनीकडे वॉटर स्लाइड्स तीन आहेत. आपली निळी आहे, असं मी म्हणालो. मग त्यांनी रिझर्व्हेशनवालीला बोलायला सांगितलं. तिने राजीनाम्याचा कागद पुढे केला. प्रिंटरवर माझा रिपोर्ट तिने वाचला होता. नवी कंपनी दोन वर्षं तिच्या मागे होती. काल तिने हो म्हटलं. म्हणजे बेइमानच. मी तेच म्हणणार होतो.

डायरेक्टरबाईंनी मला विचारलं, "तुमच्या बेचाळीस स्लाइड्समध्ये ही बाई कुठे आहे?"

"एकतिसावी. खर्चकपात."

२ एप्रिल
तात्पुरता रिझर्व्हेशनच्या फोनवर आहे. माणूस मिळेपर्यंतच. सकाळी पहिल्याच गृहस्थांनी विचारलं, त्या बाई कुठे गेल्या? नव्या कंपनीत, म्हणालो. तिथला नंबर मागितला. नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. दिला.

दुपारपर्यंत नऊ जणांना दिला. आता पाठ झालाय.