ओळख नाही, तर आत नाही

३ एप्रिल, गुरुवार

झाला! माझा स्वतःचा कर्नल बांधून झाला. संगणक पहिल्यापेक्षा झटक्यात सुरू होतो. हा बसवेशचा जुना संगणक. त्यानं नवा घेतला तेव्हा म्हणाला होता, "अप्पा, हा भंगारात देऊ का?" भंगारात! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बापाला विचारतो.

हरिबा आला होता. मी एक्स्चेंजला होतो तेव्हा तो लाईनमन, आता दोघंही पेन्शनीत. म्हणाला, "ह्यो कर्नल कर्नल करतूस, म्हंजे हाय तरी काय?" सांगितलं. कर्नल म्हणजे संगणकाच्या घरातला कर्ता माणूस. आणि ड्रायव्हर म्हणजे त्याचे दुभाषे. माझी बायको चन्नम्मा लग्न होऊन उमरग्याला आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. तिच्यात आणि शेजारच्या हरणाबाईंत माझी आई दुभाषी! तसंच प्रिंटर असो, कॅमेरा असो, प्रत्येक यंत्राशी बोलायला एक दुभाषा लागतो. कर्नल बांधताना एकेकाचं विचारलं जातं — याला कायमचा घरात ठेवायचा, लागेल तेव्हा बोलवायचा, की नकोच?

मी एकच नियम लावला. ओळख नाही, तर आत नाही. ब्लूटूथ — कोण हा? नको. जॉयस्टिक — मी काय पोर आहे? नको. कॅमेरा — अजिबात नको, आजकाल कोण कुठून बघेल सांगता येत नाही. आवाजाचं आलं तिथं जरा थांबलो. पण स्पीकर संक्रांतीपासून मेलेले. भजन लावलं तरी हूं नाही की चूं नाही. मेलेल्या यंत्राला दुभाषा कशाला पोसायचा? नको.

हरिबा हसला. "बंडप्पा, सोयरीक जमवायला बसल्यावानी चौकशा करतूस की. लई संशयी झालास." झालो असेन. डोळे उघडे ठेवणाऱ्याला लोक संशयीच म्हणतात.

५ एप्रिल

घरात काहीतरी शिजतंय. कुकरमध्ये नव्हे — कुकरची तर शिट्टीच होत नाही हल्ली! सुनेला विचारलं, शिट्टी काढून ठेवलीस की काय? शिवरंजनीनं बोटं दाखवली आणि ओरडून सांगितलं, "मामा, आत्ताच तीन झाल्या की!" तीन! मी शेजारच्याच खोलीत बसलेला. खोटं बोलायचं तर निदान एक सांगावी.

दारावरच्या घंटीचंही तेच. पोस्टमन म्हणतो, वाजवून वाजवून थकलो. घंटी कोणीतरी काढून ठेवली असणार. माझ्याकडं कोणी येऊ नये असं कोणाला वाटतं?

आणि कुजबुज! सासू-सून स्वयंपाकघरात बसतात, ओठ हलतात, हसणं दिसतं. मी दारात गेलो की दोघी माझ्याकडं बघतात. मग एकदम कामाला लागतात.

७ एप्रिल, सोमवार

आज भांडण झालं. मीच काढलं, पण काढायलाच हवं होतं.

माझी नात गंगा. संक्रांतीला तीन वर्षं पूर्ण झाली, एक शब्द बोलत नाही. येते, माझ्या गुडघ्याला धरते, वर बघते, तोंड हलवते. आवाज नाही. आधी मी विचारायचो, काय पाहिजे माझ्या राणीला? पुन्हा तोंड हलायचं. पुन्हा काही नाही. हल्ली मीही बोलायचं सोडलं. नुसतं डोक्यावरून हात फिरवतो. उत्तर न देणाऱ्या लेकराशी किती बोलायचं?

बसवेशला म्हटलं, पोरीला डॉक्टरकडं ने. तो म्हणाला, "अप्पा, दिवसभर टकळी चालू असती तिची. तुमचेच कान एकदा दाखवून घ्या."

आणि शिवरंजनी हसली! पोर मुकी, आणि आई हसते!

माझे कान? लाईनवरची खरखर ऐकून बिघाड मुरूमकडं आहे की नळदुर्गकडं ते सांगणारे कान हे. आजही हायवेवरच्या ट्रकचा एकेक भोंगा ऐकू येतो. बसवेशचं बोलणं येतं, हरिबाचं येतं. येत नाही ते फक्त घरातल्या दोन बायांचं. म्हणजे त्या हळू बोलतात. सरळ गोष्ट आहे. पोरीचं व्यंग झाकायला माझे कान पुढं करतात! चोर तो चोर, वर शिरजोर.

जेवलो नाही.

८ एप्रिल

जेवलो. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती, तिच्याशी माझं भांडण नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आता मात्र पुरावा मिळाला!

नवा कर्नल बांधला तरी जुना लगेच काढून टाकायचा नसतो. नव्यानं दगा दिला तर जुना हाताशी हवा. संगणक सुरू होताना दोघांची नावं येतात, हवा तो निवडायचा. मी नेहमी माझाच निवडतो. आज देवळातून आलो तर संगणक चालू, आणि आत बसलाय कोण? जुना! सगळ्या दुभाष्यांना घेऊन बसलेला, कॅमेऱ्यासकट.

घरात हे जमणारी एकच. शिवरंजनी बी.एस्सी. आहे, आणि बचत गटाचे अर्ज भरायला याच संगणकावर बसते.

पुढं ऐका. एक नवी फाइल. नाव काय, तर 'अज्जा'. गंगानं मला अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायला हवं म्हणून घरात सगळे माझा तसा उल्लेख करतात. माझा कर्नल सुरू करून ती उघडली. पडद्यावर एक पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. बस्स. ना चित्र, ना अक्षर.

माझ्या नावाची फाइल, आणि आत काही नाही? सुनेला विचारलं. हातवारे करत काहीतरी भराभर बोलली. मी म्हटलं, नीट बोल. तेव्हा ओरडली, "काही न्हाई मामा, तसलं काही न्हाई!" बाकीचं पुटपुटली. खाई त्याला खवखवे.

११ एप्रिल

जुना कर्नल काढून टाकला. घरात कर्ता माणूस एकच.

१५ एप्रिल, मंगळवार

बाजारातून आलो. काळ्या पडद्यावर माझ्या कर्नलनं निरोप ठेवला होता: एक यंत्र जोडलं गेलं, आणि थोड्या वेळानं काढलं गेलं. कसलं यंत्र? त्याचा दुभाषा मी घरात ठेवलाच नाही, म्हणून कर्नलला ओळखता आलं नाही. निर्मात्याचं नाव तेवढं परदेशी.

माझ्या पाठीमागं माझ्या संगणकाला काहीतरी जोडतात आणि मी यायच्या आत लपवतात. चन्नम्मा दारातच बसली होती. तिला दिसलं नसेल असं कसं म्हणू? म्हणजे तीसुद्धा!

१६ एप्रिल

ठरवलं. बसवजयंतीला सगळे घरी असतात. पुरणपोळी झाली की सांगायचं — बसवेश, तुम्ही वेगळी चूल मांडा.

चन्नम्माला आधी सांगितलं. बायकोला अंधारात ठेवायची माझी रीत नाही, तिची असली तरी. ती उठून अगदी कानाशी आली. "एनरी," म्हणाली — म्हणजे अहो; रागात असली की तिची कन्नड वर येते — "सून चोर न्हाई आपली. म्हातारपणी घर मोडताव व्हय?"

मी म्हटलं, मोडतोय कोण ते बसवजयंतीला कळेल.

पण खरं लिहितो. चूल वेगळी झाली की गंगा त्यांच्याबरोबर जाणार. सकाळी गुडघ्याला धरायला कोणी येणार नाही. बोलत नसली तरी ती येते तर! तरीही, आपल्याच घरात कुजबुजीच्या मधोमध किती दिवस बसायचं?

१९ एप्रिल

हरिबाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रागावू नको, पर तू हल्ली फोनवर माझं बोलणं ऐकतच न्हाईस. मी भावकीतलं लग्न सांगत होतो, तू म्हनलास, वाईट झालं."

म्हणजे त्यालाही कोणीतरी सांगून ठेवलंय.

२२ एप्रिल, मंगळवार

यंत्र सापडलं! आणि कोणाच्या हातून — गंगाच्या!

दुपारी ती माझ्या खोलीत आली. गळ्यात काळा हेडफोन, तोंडापुढं माइकची काडी, मागं वायर फरफटत. माझ्या हातात दिला, संगणकाकडं बोट केलं, आणि तोंड हलवलं. बराच वेळ हलवलं. भाबडं लेकरू. आईची चोरी आजोबाच्या हातात आणून दिली आणि तिला पत्ताही नाही.

माइक! आता सगळं जुळलं. जुना कर्नल चालू करायचा, हे जोडायचं, आणि मी खोलीत बोलतो ते भरून घ्यायचं. 'अज्जा' नावाची फाइल रिकामी नाहीच. तिच्यात माझा आवाज आहे. भांडणानंतर मी खोलीत एकटाच सुनेबद्दल जे बडबडलो ते पुढं-मागं माझ्याच तोंडावर मारायला ठेवलंय. माझ्या कर्नलला आवाजाची भाषाच येत नाही, म्हणून ती मला मुकी दिसली!

हेडफोन उशीखाली ठेवला. आवाजाचा दुभाषा आत घ्यायचा, फाइल ऐकायची, आणि बसवजयंतीला सगळ्यांसमोर वाजवायची.

गंगा दारात उभीच होती. मी हात फिरवला नाही. माझं डोकं दुसरीकडं होतं.

२३ एप्रिल

कर्नल पुन्हा बांधायला घेतला. या हेडफोनचा ड्रायव्हर शोधून थकलो. कर्नल बांधायच्या पुस्तकात म्हटलंय की आहे, माझ्या पडद्यावर नाही. वाटलं, शिवरंजनीनं इथंही हात मारला!

संध्याकाळी उमगलं. सगळ्यात वर, आवाज हवा का, असं विचारलं होतं तिथंच मी नको म्हटलेलं. वरच्या दाराला कडी घातली की आतली दारं पडद्यावर येतच नाहीत. ती आहेत हेसुद्धा कळत नाही. वर 'हवं' केलं आणि खाली सगळी रांग उघडली, त्यात हेडफोनही होता. त्याला 'लागेल तेव्हा' असं लिहिलं. कायमचा नको. काम झालं की चालू लाग.

२५ एप्रिल

बांधणी अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. यात मात्र सुनेचा हात नसावा.

२६ एप्रिल

लाईट गेली ती गेलीच. ऊन असं की लोखंडी कपाटाला हात लावता येत नाही. शिवरंजनीनं ताक आणून ठेवलं, जिरं-मीठ घालून. मी घेतलं. तिचा चेहरा उतरलेला होता. चन्नम्मानं चुलीचं सांगितलं असणार.

२९ एप्रिल, मंगळवार

कर्नल तयार झाला. हेडफोन जोडला, तर लगेच नाव सांगितलं — हेडसेट. दुभाषा कामाला लागला.

फाइल आज लावली नाही. मन घट्ट करायला एक रात्र पाहिजे. एकदा ऐकलं की मागं फिरता येणार नाही, मग चूल वेगळी करावीच लागेल. उद्या पूजेआधी एकटा ऐकीन, मग सगळ्यांना बोलावीन.

गंगा आज आली नाही गुडघ्याशी.

३० एप्रिल, बुधवार. बसवजयंती

चूल एकच राहील. बसवेशला सांगितलं, उद्या मला कान दाखवायला सोलापूरला ने. सुनेपुढं हात जोडायला गेलो तर तिनं ते धरून ठेवले.

फाइलमध्ये मी नव्हतोच. आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवला तेव्हा आधी शिवरंजनी ऐकू आली: "गंगे, अज्जाला काय सांगायचं ते ह्यात सांग. हे कानाला लावलं की त्यांना ऐकू येईल." मागं कुकरच्या शिट्ट्या. तीन.

मग गंगा. माझी गंगा! मांजरीला पिल्लं झाली ते सांगितलं, पाय भाजतात ते सांगितलं, अज्जा मला खांद्यावर घे म्हणाली. थांबायचं नाव नाही. आणि अगदी शेवटी, आवाज बारीक करून, आईला:

"आई, अज्जाला बोलायला येत न्हाई का?"