मर्दानी खेळ

मस्तगड, जालना
सोमवार, ४ डिसेंबर १९९५

प्रिय बद्रीनाथ,

आशीर्वाद आहेतच, ते काही माझ्या रागलोभावर चालत नाहीत. पण आज राग जास्त आहे, म्हणून आधी तोच लिहिते.

कौशी काल संध्याकाळच्या एसटीने पोचली. तिच्या पिशवीत नवी साडी आणि तुझी चिठ्ठी होती. “अक्का, पोरगी हट्टाला पेटली. कबड्डीचं भूत तेवढं उतरव डोक्यातून. रविवारी परतूरचे पाहुणे तुमच्याच घरी बघायला येतील, मस्तगडला जागा बराबर हाय.” माझं घर तू पोरी दाखवायचं दुकान कधीपासून समजायला लागलास रे? आणि रविवारच का निवडलास, ते काय मला कळत नाही? त्याच रविवारी इथे जालन्यात विभागीय स्पर्धेचा सामना आहे. तुझी मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली होती. तू तिच्या क्रीडाशिक्षकांना घरी बोलावलंस, चहा पाजलास आणि तिचं नाव कापायला लावलंस. हे तू चिठ्ठीत लिहिलं नाहीस. कौशीने पाय धुवायच्या आधी उंबऱ्यातच सगळं सांगितलं.

आणि ते आधीचे पाहुणे! सरावात तिचा घोटा मुरगळला होता, सुजला होता. ते लोक आले, पोहे खाल्ले आणि तुझ्या पोरीला ओसरीपासून फाटकापर्यंत चालवून पाहिलं. मग दोनदा चालवलं. बैलबाजारातही माणसं इतकी निरखून बघत नाहीत. “आत्या, म्या लंगडी न्हाई, त्या दिवशी पाय दुखून राह्यला होता,” असं म्हणून ती माझ्यापुढे रडली. त्यांनी पायात खोट आहे असा निरोप धाडला, आणि तू चिडलास कुणावर, तर कबड्डीवर. त्या लोकांना दारातून बाहेर काढायचं सोडून तू पोरीचा खेळायचा पोशाख पेटीत घालून कुलूप लावलंस. तिला अजून अठरा पूर्ण नाहीत, हे तरी आठवतं का तुला?

कौशीने मला तुझ्या मंडळाच्या स्पर्धेचं पत्रक दाखवलं. वर तुझा फोटो, फेटा बांधलेला. खाली छापलंय की कबड्डी हा आपल्या पूर्वजांनी तालमीच्या लाल मातीत जन्माला घातलेला मर्दानी खेळ आहे. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बद्री, हा खेळ मुळात कुणी काढला ते मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. कुणी महाभारतापर्यंत नेतात, कुणी आणखी कुठे. नेऊ देत. पण आपल्या घरात तो कुठून आला, हे मला माहीत आहे आणि तुलाही. मग छापताना तुझा हात अडला कसा नाही?

कापसाच्या खुरपणीला आई जायची तेव्हा मी तिच्याबरोबर असायचे आणि तू माझ्या कडेवर. दुपारी भाकरी खायला सावली एकच, बांधावरच्या निंबाची. आपल्या गावच्या बायका आणि धावड्याकडून आलेल्या बायका, दोन्ही टोळ्यांना तीच पाहिजे. मग खुरपी बाजूला टाकून, कासोटे आवळून, ढेकळांत पायाने रेघ ओढायची आणि हुतूतू खेळायचं. जिंकेल तिची सावली. धावड्याची गोजरबाई अंगाने थोराड होती, तिला सगळ्या भ्यायच्या. एकदा तिला आपल्या आईने आणि झुंबरबाईने धरलं होतं. आई म्हणजे काय, पोत्याखाली दिसायची नाही एवढीशी. पण झुंबरबाईचा हात तिने सोडला नाही. गोजरबाई दोघींना फरफटत रेघेकडे निघाली, आईची कोपरं सोलली, तरी तिने हात सोडला नाही, आणि गोजरबाईचा दम रेघेच्या अलीकडेच तुटला. नंतर सावलीत बसल्यावर आईने धावड्याच्या बायकांनाही बोलावून घेतलं. गोजरबाईच्या ताटलीत आपला ठेचा वाढला. मी विचारलं, तू एवढीशी, तिला अडवलंस कसं? आई म्हणाली, “ताकद माझ्या एकटीची कुठं हाय गं? हात सोडायचा न्हाई, मंग धा जणींची ताकद आपलीच.”

आणि तू कोण होतास त्या खेळात? लिंबूटिंबू! तुला कुणी बाद करायचं नाही असा त्या बायकांचा नियम होता. तू मध्येच पळत यायचास, कुणाच्याही पदराला लोंबकळायचास, आणि तरीही त्या तुला डावात ठेवायच्या. ज्या खेळात बायकांनी तुला सांभाळून घेतलं, त्याचा तू आज अध्यक्ष झालास आणि तुझ्याच मुलीला बाहेर काढलंस.

आता तुझ्या मर्दांचंही सांगते, म्हणजे कौशीने सांगितलेलं. खुल्या गटासाठी तू संघ निवडलास तो दंड आणि छात्या बघून. तालमीतले सगळे पैलवान घेतलेस, दूध-बदाम पाजलेस, फटाक्यांची लड आणून ठेवलीस. धावड्याची काटकुळी पोरं आली आणि पहिल्याच फेरीत तुमचा निकाल लावून गेली. तुमच्यातला प्रत्येक जण एकटाच कुस्ती मारायला धावत होता म्हणे. साखळी धरायला कुणी तयार नाही, दुसऱ्याचा हात धरायला लाज. अप्पाराव पैलवान तर चढाईला गेला आणि मध्येच धापा टाकत खाली बसला. तू पंचावर ओरडलास. ती लड अजून माळ्यावर आहे, असं ऐकते. दुसरं कुणी असतं तर मला दया आली असती. पण तुझ्याच घरात जिल्ह्यातली सगळ्यात भरवशाची कोपऱ्यावरची खेळाडू भाकऱ्या थापत होती, आणि साखळी कशी धरतात हे तू तिला एकदाही विचारलं नाहीस.

तर ऐक. आज दुपारी मी शिक्षकांना भेटून आले. यादी अजून वर गेली नव्हती. कौशीचं नाव पुन्हा घातलंय आणि पालक म्हणून सही माझी आहे. परतूरच्या पाहुण्यांना तुझ्या दाजींनी निरोप दिला की मुलगी रविवारी मैदानावर असेल, बघायची असेल तर तिथे या. दाजी आधी घाबरले होते, मग स्वतःच हसायला लागले. घोटा मी कालपासून शेकतेय. बुधवारपासून ती पळेल असं डॉक्टर म्हणाले.

पण हे कळवायला मी पत्र लिहीत नाही. तुला ते कसंही कळलंच असतं. पत्र आईसाठी आहे. भाऊबीजेला मी आले तेव्हा तिने लकव्यातून वाचलेल्या हाताने माझा हात धरला. बोलणं जड झालंय, तरी विचारत होती, “पोरी आता कशा खेळतेत गं? एकदा दाखव मला.” तुझ्या स्पर्धेच्या दिवशी ती दिवसभर ओसरीवर बसून कर्णा ऐकत होती. मैदान शाळेमागे, हाकेच्या अंतरावर. तिने तुला ‘मला ने’ म्हटलं, तर तू म्हणालास, तिथं बायामाणसं न्हाईत, तू कुठं बसशील. हे तिने मला सांगितलं आणि वर म्हणाली, बद्रीला बोलू नको. आजवर बोलले नाही. आता बोलते. रविवारी सकाळी जीप काढ. आईला सून म्हणून पुष्पा रोज उचलते, एकटी, न्हाणीपर्यंत आणि परत. रविवारी तिला हात लावू देऊ नकोस. तू उचल. इथल्या फाटकाच्या आत जीप सोडत नाहीत, तिथून रेघेजवळच्या खुर्चीपर्यंत आईला सगळ्या लोकांसमोर तुलाच दोन्ही हातांवर आणावं लागेल. तू आला नाहीस तरी कौशी खेळणारच आहे. आई मात्र तुझ्याशिवाय येऊ शकत नाही.

तुझीच,
अक्का