मागच्या बाकावरचा खोकला

रविवार संध्याकाळ, बोरिवली

सर्व संबंधितांस विदित व्हावे की चर्चमधल्या आमच्या बाकावरचा पंखा आज मिस्साभर करकरत होता, आणि त्यापायी प्रवचनातलं एक अक्षरही या पाप्याच्या कानी पोचलं नाही. घरी येऊन हेच ऐकवलं, तर बायको, ग्लोरिया, म्हणाली, "पंखा वर्षभर करकरतोय रे. आज मागे दादा खोकत नव्हते, म्हणून तुला ऐकू आला."

मी मागे वळून बघितलंच नव्हतं. चार वर्षांत कधी बघितलंय? आईला माती देताना दादा माझ्यासाठी थांबला नाही. मी नाशिकहून पोचलो तेव्हा कबर बुजवून झाली होती. तेव्हापासून फादर 'एकमेकांना शांती द्या' म्हणतात तेव्हा मी डावीउजवीकडे हात जोडतो, मागे नाही. मागून फक्त खोकला येतो. आणि मी लगेच पुढे जाऊन कम्युनियनची पवित्र भाकरही घेतो. शाळेत पोरांकडून 'शान्तिः' तीनदा म्हणवून घेणारा संस्कृतचा मास्तर मी, भावाला एकदा म्हणता येत नाही.

ग्लोरियानेच वहिनीला फोन केला. दादा बुधवारपासून दवाखान्यात आहे, ऑक्सिजनवर. भेटायची वेळ सातपर्यंत. सहा वाजून गेलेत आणि मी रोजनिशी लिहीत बसलोय. "शर्ट घालतोस ना?" तिने दोनदा विचारून झालं.

घरातला पंखा बंद आहे, तरी ती करकर ऐकू येतेय.

दादा जाईल ही भीती आहेच. पण खरी भीती ही, की मी समोर उभा राहीन आणि तो भिंतीकडे तोंड वळवेल. चार वर्षं मी त्याला तेच शिकवलंय.