बाबांच्या सिमवरून गेलेले मिस कॉल

तीर्थरूप पुरनलाल मामाजींस भाचा खुमेंद्रचा साष्टांग नमस्कार.

आपल्यात मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, पण या खेपेला मीच लोटांगण घालतो आहे, यावरून मामला किती गंभीर आहे ते ओळखा. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या दरेकशाच्या चढावर अजून ठणकतो का? मामीजींना नमस्कार. इकडे अर्जुनी मोरगावात सगळे खुशाल आहेत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही आणि बाबा नको तेवढं बोलतात.

फोन करायचं सोडून पत्र काय लिहितो, असं तुम्हांला वाटेल. तर त्याचं कारण माझा फोनच आहे. तुम्हांला ठाऊक आहे की दोन वर्षांपासून मी आणि जगभरातले माझ्यासारखे काही रिकामटेकडे (हा शब्द बाबांचा) मिळून स्मार्टफोनची एक मोकळी प्रणाली बनवत आहोत. मोकळी म्हणजे गावच्या तलावासारखी, ज्याला वाटेल त्याने गाळ काढावा, ज्याला लागेल त्याने पाणी न्यावं. कंपन्या जुन्या फोनला वाऱ्यावर सोडतात, म्हणून आम्ही टेबलावरच्या संगणकाची फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं सुटी करून फोनमध्ये बसवतो. अडचण एवढीच की ती बिचारी अजून स्वतःला टेबलावरच समजतात. माझ्या फोनच्या पडद्यावर माऊसचा बाण फिरतो. प्रिंटर जोडायची उत्तम सोय आहे. जरा कोणी हात लावला नाही की तो संगणकासारखा गाढ झोपतो, आणि उठवला की पासवर्ड मागतो. बाबांनी एकदा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "याच्यात सारंच हाये, फोन तेवढा नाही."

हे बोलणं मला लागलं. लागायला आणखी एक कारण होतं. आमगावला रिंकीला पाहायला गेलो, तेव्हा तिनेही चहाचा ट्रे ठेवता ठेवता भर बैठकीत विचारलं होतं, "तुमी बनवलेल्या फोनवर फोन लागते का?" सगळे हसले. मी मात्र तिथेच ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच. पण बाबांचं मन गोंदियाच्या दुसऱ्या स्थळाकडे झुकून राहिलं होतं, आणि तुम्ही मंगळवारी येऊन काय तो निकाल देणार होता.

आदल्या दिवशी, सोमवारी रात्री मी फोन लावायच्या भागाची चाचणी घेतली. माझ्या सिमला गावात रेंज नाही, म्हणून बाबांचं सिम घातलं (ते झोपले होते, विचारायला कशाला उठवायचं). आवाजाचा भाग अजून बसला नव्हता, तेव्हा फोनने बाबांच्या यादीतल्या एकेकाला लावायचं आणि एका घंटीत ठेवायचं, एवढंच काम सांगितलं. शास्त्राच्या दृष्टीने चाचणी शंभर टक्के यशस्वी झाली. पण बाबांनी आयुष्यात पूर्ण कॉल किती केले असतील? त्यांचा सगळा कारभार मिस कॉलवर, आणि प्रत्येकाशी ठरलेला अर्थ वेगळा, हे मी विसरलो.

तासाभरात ट्रॅक्टरवाला खुशाल ट्रॅक्टरसकट दारात हजर, कारण त्याला मिस कॉल म्हणजे चिखलणीला ये. सकाळी धुरपताबाई धानाच्या रोवणीला बायांची टोळी घेऊन आल्या. आमचे रोपांसाठी पेरलेले पऱ्हे अजून बोटभर वर आले नव्हते. त्या बांधावर कमरेला हात लावून म्हणाल्या, "का रोवाचं जी? तुमचा फोन?" बायांना चहा-पोहे दिले, त्यांनी जाईपर्यंत माझी यथेच्छ टिंगल केली.

आणि दुपारी रिंकीचे वडील पेढ्यांचा डबा घेऊन आले. पसंती असेल तर मिस कॉल द्यायचा, नसेल तर गप्प राहायचं, म्हणजे तोंडाने नाही म्हणायची पाळीच नको, असं बाबांशी त्यांचं ठरलं होतं. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण दारी आलेल्या माणसाला 'ते यंत्राने केलं' असं कसं सांगणार? दिलेला मिस कॉल परत घेता येत नाही. बाबांनी मुकाट्याने पेढा खाल्ला.

मामाजी, तुम्हांलाही घंटी गेली. 'सगळं ठीक, यायची गरज नाही' असा बाबांच्या फोनवरून तुमच्या बहीणभावाचा संकेत आहे, हे आईने मला नंतर रडत रडत सांगितलं. तुम्ही भरलेली पिशवी उतरवून ठेवलीत, आणि मग परस्पर ऐकलंत की भाच्याचं लग्न मामाला न विचारता ठरलं. रागावलात ते बरोबरच आहे. पण तुम्ही आईचा फोन उचलत नाही, हे मला सहन होत नाही. माझ्या खटपटीत तिचं माहेर तुटू नये.

तुमचा भाचा,
खुमेंद्र

ता. क. आई म्हणते, भाऊ आल्याशिवाय साखरपुडा नाही. तेव्हा या. गुडघ्यासाठी गोंदिया स्टेशनवर मी स्वतः मोटरसायकल घेऊन उभा राहीन.

ता. क. दुसरा. रिंकीच्या वडिलांचा नंबर बाबांच्या फोनमध्ये साठवलेलाच नव्हता. चाचणी संपल्यावर तो मी बायोडेटा पाहून बोटाने लावला. बाबांनी विचारलं तर यंत्राचंच नाव सांगा. पेढ्यांचा रिकामा डबा परत द्यायला आमगावला गेलो, तेव्हा रिंकीला मात्र खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मंग पुरी घंटी काऊन नाही वाजू देल्ली?"