बर्फाचा आवाज आणि गाऱ्हाणं

मालवण, मंगळवार संध्याकाळ

वकीलबाईंसमोर आज मान वर होईना. मासळी कंपनीत बर्फ फोडायच्या मशीनमध्ये बोट गेलं, त्याची भरपाई मिळाली. पण बर्फ फुटल्याचा आवाज आला की अजून हातपाय गार पडतात, त्याचं काय? कंपनी म्हणते, ही भीती हिला मागाहून सुचली. डॉक्टरकडे उशिरा गेले ना! आधी, अपघातानंतर चार दिवसांतच, आईने देवळात देवाला गाऱ्हाणं घालायला लावलं. हे सांगताना लाजच वाटली.

बाई हसल्या नाहीत. "गाऱ्हाण्यात काय म्हणाले?"

गाऱ्हाणं घालणारे दादाकाका मोठ्याने म्हणाले होते, "बर्फाचो आवाज इलो की ह्या चेडवाचो जीव घाबरता, तेका सांभाळ रे म्हाराजा!" आणि जमलेली सगळी वाडी, "व्हय म्हाराजा!"

"म्हणजे अपघातानंतर लगेचच वाडीला माहीत होतं. मग हेच आपले साक्षीदार."

हे मला का नाही सुचलं? येताना दादाकाकांच्या घरासमोरच्या खळ्यात जाऊन विचारलं, कोर्टात येशात?

"येतंय गो! सगळ्या वाडीक घेवन येतंय, व्हय म्हाराजा म्हणूक."

इतकी हसले, इतकी हसले. मग लक्षात आलं, खळ्यात बसलेली मासेवाली केव्हाची बर्फ फोडत होती.